एकदाच विचारायचं

अशोकनगर, सातपूर, नाशिक
१० नोव्हेंबर २०२४

इनायतभाई, सलाम.

दिवाळीत चांदवडला येतो म्हणालो होतो आणि आलो नाही. भाभींनी माझ्यासाठी जेवण करून ठेवलं होतं, हे तुमच्या शाहनवाजच्या फोनवरून कळलं. त्याला मी सांगितलं की पाहुणे आले. पाहुणे आले नव्हते. खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि कंपनीत तीस वर्षं प्रेस मशीनच्या दणदणाटात उभं राहिल्यापासून तुम्हाला फोनवर ऐकूही येत नाही. म्हणून लिहितोय. तोंडानं बहुतेक सांगू शकलो नसतो.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी कँटीनमध्ये जेवत होतो. समोर नाथा, त्याच्या मेव्हण्याच्या घरभरणीचं सांगत होता. मध्येच माझ्या छातीत धडधडायला लागलं. धावून आल्यावर होतं तसं. डाव्या हाताला मुंग्या आल्या, घास गिळता येईना, श्वास वरच्या वर अडकायला लागला. मला वाटलं, संपलं. नाथानं गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल.” तोवर धडधड आपोआप थांबली होती आणि मला लाज वाटायला लागली होती.

तेव्हापासून चार वेळा ईसीजी झालाय. ट्रेडमिलवर पळवून झालं. प्रत्येक कागदावर नॉर्मल. आणि आठवड्यातून दोन-तीनदा ते येतंच. तळहाताला इतका घाम सुटतो की हातातला पाना निसटतो. प्रेसवर डाय बसवत असलो की कुणीतरी हळूच विचारतं, बरं आहे ना.

दिवाळीला मी निघालो होतो, भाई. गाडी काढली, उड्डाणपुलावर चढलो आणि पुलाच्या मध्यावर पाय कापसाचे झाले. तिथं थांबायला जागा नाही. कसाबसा खाली उतरलो आणि घरी परतलो. योगिनीला सांगितलं, गाडी पंक्चर झाली.

कारण विचाराल तर कारण नाही. नोकरी नीट आहे. घरात भांडण नाही. दिशा चौथीत आहे, हुशार आहे. कुणी वाईट वागलेलं नाही. कारण असतं तर बरं झालं असतं.

तुमचा,
रविराज


चांदवड
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रवी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग जुलेखाला वाचून दाखवलं. रागावू नको, तिच्यापासून काही लपवायची मला सवय नाही. ती म्हणाली, जेवणाचं मनावर घेऊ नका, ते शेजारच्या पोरींनी संपवलं.

तुझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठा आहे म्हणून सांगतो. तुला काही झालेलं नाही. डॉक्टर चार वेळा सांगतात म्हणजे नाहीच. तू विचार लय करतोस, पहिल्यापासून. डाय बसवली की बोल्ट तीनदा तपासायचास. मी म्हणायचो, चल आता, जेवायची सुट्टी संपेल. तरी चौथ्यांदा पाना लावायचास. मन घट्ट कर. चहा कमी कर. सकाळी उठून चालायला जा, अंग थकलं की डोकं गप्प बसतं.

मी रोज पहाटे फजरची नमाज झाली की हायवेच्या कडेनं रेणुकामातेच्या मंदिरापर्यंत जातो आणि येतो. कांद्याच्या ट्रकांचे ड्रायव्हर ओळखीचे झालेत, हात करतात. हॉर्नही वाजवतात म्हणे. सध्या चार दिवस फिरणं बंद आहे. शाहनवाजनं मालेगावहून नवी सँडल आणली, तिनं अंगठा चावला. बसेल दोन दिवसांत.

तुला आठवतं, तू कंपनीत माझ्या हाताखाली आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. पहिल्या दिवशी प्रेस पडली की डोळे मिटायचास. महिन्याभरात मिटणं थांबलं. हेही थांबेल.

इनायत


सातपूर
८ डिसेंबर २०२४

इनायतभाई,

उत्तराला उशीर झाला, कारण तुमचं पत्र वाचून मी थोडा रुसलो होतो. मन घट्ट कर असं सासरे म्हणाले, नाथा म्हणाला, वॉचमन पुंजाकाका म्हणाले. तुम्ही म्हणाल असं वाटलं नव्हतं. राग नाही. ज्याला होत नाही त्यानं दुसरं काय म्हणायचं, हेही कळतं मला.

पण मला एकदा नीट सांगू द्या. हे डोक्यात होत नाही, भाई, अंगात होतं. सकाळी उठतो तेव्हा जबडा दुखत असतो, कारण झोपेत दात आवळलेले असतात. घशात गोळा असतो, गिळला तरी जात नाही. कामावर निघायच्या आधी तीनदा संडासला जावं लागतं. श्वास घेतो तो छातीच्या तळापर्यंत पोचतच नाही, म्हणून जांभया देत राहतो आणि लोकांना वाटतं मी आळसावलोय. चालायला गेलो. चालल्यावर हृदय जोरात पळतं, ते पळतंय हे कळलं की भीती वाटते, भीती वाटली की ते आणखी पळतं. अर्ध्या वाटेवरून रिक्षा करून आलो.

आणि काळजी कशाचीही. योगिनीला यायला दहा मिनिटं उशीर झाला की माझ्या डोळ्यांसमोर अपघात झालेला असतो. गॅस बंद आहे का ते मी पाहून येतो, कुलूप लावतो, कुलूप काढतो, परत पाहून येतो.

मागच्या महिन्यात एका सोमवारी शाळेत सोडायला निघालो तर दिशा दारातच थांबली. म्हणाली, “पप्पा, तुम्ही बसा गाडीवर. आज गॅस मी बघून येते.” दोनदा जाऊन आली. नऊ वर्षांची आहे ती.

त्या दिवशी मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. इथल्या द्वारका चौकाजवळ दवाखाना आहे. गोळ्या सुरू झाल्यात, तोंड कोरडं पडतं. दर मंगळवारी तिथल्या समुपदेशक मॅडमकडे बसतो. कंपनीत दाताचं काम चालू आहे म्हणून सांगितलंय.

एक विचारतो. तुमच्या अंगठ्याचं काय झालं? तुम्हाला साखर आहे. साखर असताना पायाची जखम अंगावर काढू नये. दाखवलीत का कुणाला?

रविराज


चांदवड
२० डिसेंबर २०२४

प्रिय रवी,

माझं चुकलं. मन घट्ट कर हे शब्द मागे घेतो. जुलेखा तर मला म्हणाली, “तुमची दाढ दुखत होती तेव्हा कुणी तुम्हाला मन घट्ट करायला सांगितलं होतं का?”

डॉक्टरकडे गेलास ते बरं केलंस. गोळ्या मध्येच सोडू नको. दिशाचं वाचून मला गलबलून आलं. पण पोरं सगळं बघतात तसं विसरतातही, एवढं लक्षात ठेव.

अंगठ्याचं काय घेऊन बसलास. सँडल देऊन टाकली, पाय झकास आहे. आता माझ्या अंगठ्याची काळजी लावून घेऊ नको, तुझ्याकडे तुझ्या पुरेशा आहेत. इथं थंडी मजबूत पडली आहे. मी घरातही मोजे घालून बसतो आणि जुलेखा मला साहेब म्हणते.

इनायत


सातपूर
१२ जानेवारी २०२५

इनायतभाई,

यावेळी थोडी बरी बातमी आहे. महिनाभरात दवाखान्याच्या इमर्जन्सीत एकदाही गेलो नाही. गाडी अजून पुलावर घालत नाही, पण बसनं जातो-येतो.

मॅडमनी मला एक वही करायला लावली. काळजी आली की ती लिहायची आणि तिला दहापैकी मार्क द्यायचे. मग काही न करता बसायचं. फोन करायचा नाही, पाहून यायचं नाही. अर्ध्या तासानं परत मार्क द्यायचे. बहुतेक वेळा आकडा आपोआप उतरतो. मी विचारलं, “आणि एखादी काळजी खरी असली तर?” त्या म्हणाल्या, “खरी वाटली तर एकदाच विचारायचं. उत्तर मिळालं की ते मानायचं. दहादा विचारून तुमची खात्री होत नाही, उलट भूक वाढते.”

आता खरं सांगतो. त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा तुमचा पाय आहे. तुम्ही पाय झकास म्हणालात, पण पत्रात फिरायला गेल्याचं एक अक्षर नाही. ड्रायव्हरांचं नाही, मंदिराचं नाही. अक्षरही जरा घाईचं वाटलं. पाच तारखेला रविवार होता. मी बॅग भरून दारात उभा होतो, चांदवडला यायला. योगिनी म्हणाली, “अहो, मॅडमनी काय सांगितलंय? एकदाच विचारायचं.” म्हणून भाभींना फोन केला. त्या म्हणाल्या, “सगळं ठीक आहे रवीभाऊ, ते बसलेत उन्हात.” मी फोन ठेवला आणि बॅग रिकामी केली. काळजी आठ होती. संध्याकाळपर्यंत चारवर आली.

परत विचारणार नाही. मॅडमनी पाठ थोपटली.

रविराज


चांदवड
२७ जानेवारी २०२५

प्रिय रवी,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. आठाचे चार केलेस, शाबास. असाच राहा. मी इथं मजेत आहे. खातो-पितो, आराम करतो, खिडकीतून डोंगर बघतो. जुलेखा समोर बसून संत्रं सोलते आहे. हात जरा आखडलाय थंडीनं, म्हणून थोडक्यात लिहितो. तू तुझं बघ.

इनायत


सातपूर
९ फेब्रुवारी २०२५

इनायतभाई,

तुमचं छोटं पत्र मिळालं. एक गंमत सांगतो. पाकिटावर शिक्का नाशिकचाच होता, चांदवडचा दिसलाच नाही. मी तो शिक्का खिडकीत धरून किती वेळ बघत बसलो होतो. मनात एकच, भाई नाशिकला का आहेत. योगिनी म्हणाली, “टपाल फिरून येतं, चांदवडचा शिक्का उमटला नसेल.” तेही खरंच. भाभींना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. एकदा विचारून झालं होतं. वही काढली, नऊ लिहिलं, आणि हात मांडीखाली दाबून बसलो. पाऊण तास लागला. सहा झालं, मग तीन.

भाई, हे मला आधी कधीच जमलं नव्हतं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला. तुमच्यामुळे मला पहिल्यांदा कळलं की माझं मन मला खोटं सांगतं. अंग कितीही ओरडलं तरी बाहेर काही घडलेलं नसतं. तुम्ही उन्हात बसलेले असता, संत्रं खात असता, आणि मी इथं तुम्हाला आजारी पाडत असतो. हे लक्षात ठेवलं तर मी बरा होईन असं वाटतं.

दिशाचं पोट शाळेच्या वेळी दुखतं हल्ली. डॉक्टर म्हणतात काही नाही. मीही म्हणतो काही नाही.

रविराज


चांदवड
१८ फेब्रुवारी २०२५

रवीभाऊ, सलाम.

मी जुलेखा लिहिते. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, चूकभूल समजून घ्या. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते हाय.

तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि बाजूला ठेवून भिंतीकडं तोंड करून झोपले. जेवले नाय. मी पत्र घेऊन वाचलं. तुम्ही लिहिलंय की तुमचं मन खोटं सांगतं. तेव्हा मला राहवलं नाय. तुमचं मन खोटं सांगत नव्हतं, भाऊ. त्यांचा उजवा पाय गेला. गुडघ्याच्या खालून काढला.

तुमचा फोन आला होता तेव्हा मलाबी माहीत नव्हतं, अल्लाची शपथ. मोजे घालून बसायचे, मला वाटायचं थंडी हाय. तुम्ही विचारलं म्हणून मी फोन ठेवून त्यांना विचारलं, पायाला काय झालंय का. ते हसले, म्हणाले, “रवीनं तुलाबी लावलं का आपल्या नादाला.” मीबी हसले. मोजा काढून बघायला पाहिजे होता. दहा दिवसांनी घरात वास यायला लागला. मी उंदीर मेला समजून सगळं घर झाडलं. मग मोजा काढला तर अंगठा काळा.

मालेगावच्या डॉक्टरांनी हात लावला नाय, नाशिकला पाठवलं. आम्ही नाशिकला अठरा दिवस होतो, द्वारकेजवळच्या दवाखान्यात. आधी अंगठा काढला, मग चार दिवसांनी पाय. तिथले डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं.

शाहनवाज म्हणत होता, रवीचाचांना बोलवू, इथंच तर राहतात. त्यांनी बोलू दिलं नाय. म्हणाले, “त्याला कळवलं तर माझी शपथ हाय. पोरगं आत्ता कुठं सावरतंय. त्याच्या छातीचं परत सुरू होईल.” ते छोटं पत्र त्यांनी खाटेवरून लिहिलं, पाय काढल्यावर चौथ्या दिवशी. खिडकीतून डोंगर नव्हता, लॉजची भिंत होती.

एवढ्या माणसांत तुम्ही एकट्यानं विचारलं होतं. म्हणून सांगितलं. मला माफ करा.

जुलेखा


सातपूर
२४ फेब्रुवारी २०२५

इनायतभाई,

भाभींवर रागवू नका. त्यांनी मला सांगितलं आहे.

मी चार दिवस लिहायचा प्रयत्न करतोय. कामावर हातातला पाना असा निसटायला लागला की कंपनीनं मला डायपासून लांब बसवलं, स्टोअरमध्ये.

माझा दवाखाना द्वारकेजवळ आहे. दर मंगळवारी मी तिथं जातो. अठ्ठावीस जानेवारीला मंगळवार होता. त्या दिवशी मी मॅडमना सांगत होतो की इनायतभाईंच्या पायाची काळजी आता चारवर आहे. तुम्ही तेव्हा एका चौकाच्या अंतरावर पाय गमावून पडला होतात. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यालो. बरं वाटत होतं म्हणून.

तुम्ही माझ्या भल्यासाठी लपवलंत, ते कळतं. पण मला कुणीच काही सांगत नाही आता. योगिनीनं दिशाच्या बाईंची चिठ्ठी तीन आठवडे कपाटात ठेवली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं की दिशा वर्गात रडते आणि दप्तर पुन्हापुन्हा तपासते. विचारलं तर म्हणाली, “तुम्हाला त्रास झाला असता.” आईचं ब्लडप्रेशर वाढलेलं मला शेजाऱ्यांकडून कळतं. तुम्ही सगळे मला जपता आणि मी घरात बसून अंदाज बांधतो. अंदाज बांधणं हाच माझा आजार आहे, भाई.

मंगळवारची वाट न बघता मॅडमना पत्र दाखवलं. म्हणाल्या, “वही खऱ्या जखमेसाठी नव्हती. पण तुम्हाला खोटं उत्तर मिळालं, त्याला वही काय करणार.” मी म्हणालो, मग मी ओळखायचं कसं? शंभर वेळा अंग ओरडतं आणि काही नसतं. एकशे एकाव्या वेळी तुमचा पाय असतो. आतून दोन्ही सारखंच वाटतं. अगदी सारखं. आता वहीत काहीही लिहिलं की आकडा उतरतच नाही.

पाच जानेवारीला मी बॅग भरली होती. मी आलो असतो तर तुम्हाला मोजा काढायला लावला असता. तुम्हाला माहीत आहे, मी ऐकलं नसतं.

रविराज


चांदवड
९ मार्च २०२५

प्रिय रवी,

जुलेखावर रागावलो नाही. तिनं केलं ते मी करायला पाहिजे होतं.

रमजान चालू आहे. या वर्षी डॉक्टरांनी रोजे ठेवू दिले नाहीत. दिवसभर खाटेवर असतो. आज जरा टेकून बसता आलं म्हणून लिहितो.

मोजा मी का काढला नाही, हे मी स्वतःला लय वेळा विचारलं. तुला त्रास नको म्हणून, हे नंतरचं. आधी मी स्वतःच बघत नव्हतो. डिसेंबरात तू विचारलंस तेव्हा अंगठा निळा होता. मी पाहिला, मोजा वर ओढला आणि तुला झकास लिहिलं. मला भीती वाटत होती, रवी. आमच्या अब्बांचा पाय असाच गेला होता. तू भितोस तेव्हा चार वेळा दवाखान्यात जातोस. मी भ्यालो आणि गेलोच नाही. म्हणजे मीच शहाणा, आणि तुला सांगत होतो मन घट्ट कर.

तू आला असतास तर मोजा काढायला लावला असतास. हे खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. पण तू येऊ नयेस असं उत्तर मीच पाठवलं होतं. त्यातलं तुझ्या वाट्याला काही घेऊ नको. घेशील, माहीत आहे मला. तरी सांगतो.

आता एक दुसरं. जुलेखा दुकानात गेली की माझ्या छातीत धडधडतं. दहा मिनिटं झाली की वाटतं ती पडली, तिला गाडीनं उडवलं. मला तर तिची हाकही ऐकू येणार नाही. तोंड कोरडं पडतं, हाताला मुंग्या येतात. नसलेल्या पायाचा अंगठा ठणकतो. ती आली की मी चिडतो, एवढा वेळ कुठं होतीस म्हणून. काल म्हणाली, “रवीभाऊंचं पत्र तुम्ही परत वाचा. डिसेंबरचं.” वाचलं. सगळं तसंच आहे. तेव्हा मी ते वाचून दुसऱ्याचं म्हणून ठेवून दिलं होतं.

तू काय करतोस अशा वेळी? वही नको सांगू. खरं काय करतोस ते सांग.

ईदला येता आलं तर ये. जुलेखा म्हणते, सगळ्यांना घेऊन या.

इनायत


पिंपळगाव बसवंत, बस स्टँड
३१ मार्च २०२५

इनायतभाई, ईद मुबारक. भाभींनाही.

दिशाच्या वहीचं पान फाडून स्टँडवरच्या बाकावर बसून लिहितोय. आज कंपनीला सुट्टी होती. सकाळी मालेगावच्या बसमध्ये बसलो. एकटाच. दिशा म्हणाली, “पप्पा, मी येऊ का? म्हणजे तुमच्या छातीत झालं तर.” मी तिला घरी ठेवलं. माझ्याबरोबर ती राखणीला येतेय असं मला नको होतं. ती गेटपाशी उभी राहिली, बस स्टँडला पोचलो की फोन करा म्हणाली, बसमध्ये बसलो की करा म्हणाली, ओझर आलं की करा म्हणाली. मी तिन्ही वेळा केला.

ओझरपर्यंत ठीक होतो. मग सुरू झालं. बस भरलेली, खिडकी उघडेना, हायवेला द्राक्षांच्या टेम्पोंची रांग लागलेली. श्वास जाईना. डोळ्यांपुढं जाळी आली. शेजारच्या बाईंनी विचारलं, “दादा, बरं नाही का वाटत?” मी मान हलवली आणि पिंपळगावला उतरलो. कंडक्टर म्हणाला, “तुमचं तिकीट चांदवडचं आहे.” मी म्हणालो, माहीत आहे.

तासभर झाला. शर्ट भिजून वाळला. दोन बसेस आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी उठलो, दारापर्यंत गेलो, लोक चढले, मी बाजूला झालो.

तुम्ही विचारलंत मी काय करतो. काही करत नाही, भाई. ते येतं तेव्हा थांबतो. कधी बसून, कधी भिंतीला धरून. ते जातं. जाताना मला थोडं आणखी थकवून जातं. एवढंच मला येतं. तुम्हाला द्यायला दुसरं काही असतं तर दिलं असतं.

पुढची बस पाऊण वाजता आहे. तीत चढलो तर हे पान तुमच्या हातात देईन. नाही तर स्टँडबाहेर टपालपेटी आहे, पाकीट समोरच्या दुकानात मिळेल.

भाभींना सांगा, वाट बघत उपाशी राहू नका.

रविराज


चांदवड
६ एप्रिल २०२५

प्रिय रवी,

तुझं पत्र शुक्रवारी पोस्टमननं आणून दिलं.

ईदच्या दिवशी जुलेखानं तिन्हीसांजेपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. तुझ्या वाट्याचा शीरखुर्मा तिनं बुधवारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवला, मग मीच म्हणालो, खाऊन टाक. पत्र वाचल्यावर ती म्हणाली, “पिंपळगावपर्यंत आले होते.” नंतर मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच होती.

मला वॉकर आणून दिलाय. खाटेपासून फाटक पंधरा पावलांवर आहे. काल मी आठ पावलं गेलो. जुलेखा पुढं उभी होती, चला म्हणत होती, तिचे ओठ दिसत होते. छातीत असं सुरू झालं की मी वॉकर तिथंच धरून उभा राहिलो. तू सांगितलंस तसं थांबलो. गेलं ते. पण पुढं जाता आलं नाही. शाहनवाजनं उचलून परत आणलं, एवढा मोठा माणूस मी. आज उठलोच नाही.

बरा होशील असं आता मी लिहिणार नाही. माझंही मला माहीत नाही.

पुढच्या वेळी पिंपळगावच्या पुढचं, वडाळीभोईपर्यंतचंच तिकीट काढ. तिथं उतर, बस, वाटलं तर तिथूनच परत जा. गेलास तरी लिही.

इनायत